अण्णा, मिरजेच्या फलाटावर

परवा रविवारी दुपारी पाऊस लागून राहिला होता. बाहेर जायचा बेत बारगळला आणि आमचे चिरंजीव (वय वर्षं तेरा) घरभर येरझारा घालायला लागले. शेवटी मी ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं. म्हटलं, "बस इथे. तुला 'स्टार ट्रेक'चा एक एपिसोड दाखवतो. नाही आवडला तर अर्ध्यावर उठून जा."

"ते जुनाट? पुठ्ठ्याचे दगड असतात ते?"

"ते त्याच्या आधीचं. हे नव्यातलं जुनं."

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूळची 'स्टार ट्रेक' १९६६ ते १९६९ मधली. मी म्हणतोय ती 'नेक्स्ट जनरेशन', १९८७ ते १९९४ मधली. त्यातला कॅप्टन पिकार्ड (पॅट्रिक स्टुअर्ट) हा माझ्या कॉलेजच्या दिवसांतला हिरो. टक्कल असलेला, चहा पिणारा, पुस्तकं वाचणारा, आणि गोळीबाराआधी चार वाक्यं बोलून बघणारा! आमच्या घरी केबल आलं तेव्हा ही मालिका बघताना अण्णा शेजारी पेपर वाचत बसायचे आणि मधूनच विचारायचे, "हा भांडतो कधी?"

तर मी लावला तो एपिसोड म्हणजे 'दार्मोक'. पाचव्या सीझनमधला दुसरा, सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत दाखवलेला. मी तो किती वेळा पाहिलाय याची गणती नाही, पण मधे काही वर्षं पाहिला नव्हता. का, ते पुढे येईलच.

गोष्ट अशी. टामेरियन नावाचे लोक आहेत. शंभर वर्षांत त्यांची सात वेळा गाठ पडली, भांडण एकदाही नाही, पण ते काय बोलतात हे कुणालाच कळलेलं नाही. 'स्टार ट्रेक'मध्ये भाषांतर करणारं यंत्र असतं, त्यामुळे शब्द सगळे कळतात. अर्थ मात्र लागत नाही! कारण हे लोक सरळ वाक्य बोलतच नाहीत. ते फक्त आपल्या जुन्या गोष्टींतल्या प्रसंगांची नावं घेतात. दोन परके एका बेटावर येतात, दोघांवर एकच संकट कोसळतं, आणि ते मित्र होऊन निघतात. ही त्यांची गोष्ट. तेवढं सगळं सांगायला ते म्हणणार, "दार्मोक आणि जलाद, टनाग्राला." बस्स. गोष्ट माहीत असेल तर सगळं कळलं. नसेल तर नुसती तीन विशेषनामं.

चिरंजीव दहाव्या मिनिटाला ओरडले, "अरे बाबा, हे लोक मीम्समध्ये बोलतायत!"

मी गप्प झालो. तीस वर्षं मी या एपिसोडबद्दल गंभीर चेहऱ्याने बोलत आलोय आणि या पठ्ठ्याने एका शब्दात निकाल लावला. पण बरोबरच आहे त्याचं. तो आणि त्याचे मित्र एकमेकांना एक चित्र पाठवतात आणि तिकडे हसू फुटतं. मी बघितलं तर मला एक मांजर दिसतं. शब्द कळले, अर्थ नाही. त्यांच्या टनाग्राला मी गेलेलोच नाही.

या एपिसोडवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. सगळं बोलणं जर गोष्टींच्या आधारावर, तर ती मूळ गोष्ट मुलांना सांगायची कुठल्या भाषेत? आणि यान चालवताना "तो तिसरा स्क्रू घट्ट कर" हे कसं सांगायचं? मलाही पूर्वी हा प्रश्न अडायचा. आता तितका अडत नाही. आपणही अर्धं आयुष्य असंच बोलतो. पानिपतची बातमी पेशव्यांना १७६१ मध्ये पोचली ती मोती गळाल्याची, मोहरा हरवल्याची आणि खुर्द्याची गणती नसल्याची. ते भाषांतराचं यंत्र तिथे असतं तर त्याने सांगितलं असतं, कुणा सराफाचं नुकसान झालंय! आजही कुणी 'विश्वास पानिपतात गेला' म्हटलं की आपण हसतो, आणि 'गड आला पण सिंह गेला' म्हटलं की परीक्षेचा निकाल असो की निवडणुकीचा, पुढचं सांगावं लागत नाही. 'ध चा मा' म्हणणाऱ्या कितीजणांना नारायणराव पेशव्यांचा खून कोणत्या साली झाला हे माहीत असतं? वापर आधी येतो, गोष्ट मागाहून कळते. कधी कळतही नाही.

आणि प्रत्येक घराची तर आपली वेगळी टामेरियन असते. आमच्या घरातला सगळ्यात मोठा शब्द 'मिरज'.

नातेवाईक मंडळींना हे पाठ आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. १९८५ ची दिवाळी. आम्ही पुण्याहून कोल्हापूरला आत्याकडे निघालो होतो. मिरजेला गाडी थांबली तशी अण्णांनी फिरकीचा तांब्या उचलला. आई म्हणाली, "राहू दे हो, कोल्हापूर आलंच आता." अण्णा म्हणाले, "मिरजेला गाडी अर्धा तास हलत नाही." पहिल्या नळाला पाणी नव्हतं म्हणून ते पुढच्या नळाकडे गेले. गाडी हलली. खिडकीतून आम्हाला दिसलं ते असं : अण्णा, मिरजेच्या फलाटावर, हातात भरलेला तांब्या, आणि पाणी सांडू नये म्हणून जपून पळतायत! तिकिटं त्यांच्या खिशात. इकडे आई, आम्ही दोघं भावंडं आणि पाच डाग. दोन तासांनी अण्णा मागच्या गाडीने आले, तांब्या तस्साच भरलेला. आत्याच्या यजमानांनी दारातच विचारलं, "पाणी आणलंत ना? मग झालं तर!"

तेव्हापासून बारीकशा कामासाठी बाहेर पडावं आणि तेवढ्यात मोठी गोष्ट निघून जावी, याला आमच्याकडे 'मिरज होणं' म्हणतात. दाराशी दूधवाल्याशी बोलत राहिल्याने सचिनचं शतक हुकलं, मिरज. भाऊ फोन घ्यायला बाहेर गेला आणि बहिणीच्या लग्नातल्या अक्षता संपल्या, मिरज. चिरंजीवही हा शब्द तीन वर्षांचे असल्यापासून वापरतात, आणि त्यांनी मिरज अजून पाहिलेलं नाही.

आता एपिसोडकडे परत येतो. टामेरियन कॅप्टन डेथॉन (पॉल विनफिल्ड) पिकार्डला आपल्याबरोबर एका निर्जन ग्रहावर नेतो. हातातले दोन खंजीर दाखवून एक त्याच्यापुढे टाकतो. पिकार्डला वाटतं द्वंद्वाचं आव्हान आहे, तो नाकारतो. खरं तर डेथॉन म्हणत असतो, इथे एक श्वापद आहे, आपण दोघं मिळून त्याच्याशी लढू, म्हणजे आपल्या दोघांची मिळून एक गोष्ट तयार होईल. दुसऱ्या दिवशी श्वापद येतं आणि ऐन लढाईत पिकार्डला अर्थ लागतो. दोघं पाठीला पाठ लावून उभे राहतात. आणि नेमक्या त्याच क्षणी वर एंटरप्राइजवरचे लोक, बिचारे चांगल्या हेतूने, आपल्या कॅप्टनला ट्रान्सपोर्टरने खेचून घ्यायचा प्रयत्न करतात. पिकार्ड अर्धवट विरघळतो. ना इथे, ना तिथे. तो ओरडतोय आणि त्याच्यासमोर डेथॉन एकटा पडलाय. प्रयत्न फसतो, पिकार्ड परत येतो, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

वीस-पंचवीस वर्षं मी हा प्रसंग केवळ कथानकाची सोय म्हणून बघत आलो होतो. लेखकाला डेथॉन मारायचा होता, म्हणून पिकार्डला बाजूला केलं. इतकंच.

२०१६ च्या मार्चमध्ये अण्णा हॉस्पिटलमध्ये होते. नऊ दिवस मी, आई आणि भाऊ आळीपाळीने खोलीत. नवव्या दिवशी संध्याकाळी नर्सने औषधांची चिठ्ठी दिली, मी खाली दुकानात गेलो. रांग होती. सुट्ट्या पैशांवरून पुढच्या माणसाची हुज्जत चालू होती. वीस मिनिटं लागली असतील. वर आलो तर दारात भाऊ उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आईने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मिरज झालं रे तुझं." आणि खाटेच्या कडेला सरकून मला जागा केली.

खोलीत दोन शेजारी होते, एक नर्स होती. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. पण मला त्या एका शब्दात सगळं ऐकू आलं. तू कामासाठीच गेला होतास. चूक कुणाची नाही. गाड्या अशाच सुटतात. तुझ्या बापाचंही असंच झालं होतं, आणि त्याच्यावर कुणी रागावलं नव्हतं. हे सगळं सरळ वाक्यांत आई बोलली असती तर मी ते मानलं नसतं. सांत्वनाची वाक्यं त्या दिवसांत पुष्कळांनी ऐकवली. एकही लक्षात नाही.

त्यानंतर मी हा एपिसोड लावला नव्हता. परवा लावला, आणि पिकार्ड त्या निळसर झगमगाटात अडकलेला दिसला तेव्हा मला उठून पाणी प्यावं लागलं.

जखमी डेथॉन रात्री शेकोटीजवळ पिकार्डकडे गोष्ट मागतो. पिकार्ड त्याला आपल्या पृथ्वीवरची अतिप्राचीन गोष्ट सांगतो, गिल्गमेश आणि एन्किडूची. तेही आधी भांडतात, मग मित्र होतात, आणि एक जण मरतो. डेथॉनला त्यातले शब्द किती कळले देव जाणे. पण गोष्ट कळते, आणि ती ऐकता ऐकताच तो जातो. पिकार्ड तेव्हा तिथे असतो. लढाईत नव्हता, पण शेवटी होता. एवढं तरी त्याला मिळालं.

आता सांगायचा मुद्दा. आमच्या पिढीची एक ठरलेली रड आहे की मुलांचं मराठी संपत चाललंय. मग आम्ही त्यांना शब्द पाठ करायला लावतो, 'विंडो नाही, खिडकी म्हण' म्हणून टोकतो. मीही हे केलंय. पण त्या यंत्रालाही शब्द सगळे येतच होते की! डेथॉनने पिकार्डला व्याकरण शिकवलं नाही. त्याला आपल्याबरोबर संकटात नेलं. भाषा शब्दकोशातून पुढच्या पिढीकडे जात नाही, एकत्र काढलेल्या दिवसांतून जाते, आणि विशेषतः एकत्र झालेल्या फजितीतून. माझा मुलगा 'येरझारा' ऐवजी दुसरं काही म्हणाला तर मला फार दुःख नाही. पण त्याच्या घरात 'मिरज'सारखा एकही शब्द नसेल, तर त्याच्या वाईट दिवशी त्याला कोण काय म्हणणार?

एपिसोड संपल्यावर चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण तो वर ओढला गेला त्यात त्याची काय चूक? त्याचं मिरज झालं."

मी हो म्हटलं. दुसरं काही बोलता आलं नाही.

येत्या दिवाळीत आम्ही कोल्हापूरला चाललोय. मोटारीने नाही, रेल्वेने. फिरकीचा तांब्या माळ्यावरून काढून चिंचेने घासून ठेवलाय. मिरजेला गाडी अर्धा तास हलत नाही असं मी ऐकून आहे.

आत्या, वाचत असशील तर रात्री ताटं लाव, पण एक जरा उशिरा लागेल.

आणि बाकी मंडळी, तुमच्या घरचं मिरज कोणतं?