सुरांचा टंच

गेल्या महिन्यात खामगावी एका स्नेह्यांच्या पेढीवर बसण्याचा योग आला. तीन पिढ्यांचा चांदीचा व्यवहार. एक ग्राहक जुने पैंजण मोडीला घेऊन आला होता. स्नेह्यांनी ते हाती घेऊन उलटसुलट पाहिले आणि यंत्रावर ठेवण्यापूर्वीच टंचाचा अंदाज सांगितला. यंत्राचा आकडा त्याच्या अगदी जवळ आला. ग्राहक गेल्यावर ते म्हणाले, "आता सगळे यंत्रच सांगते. पण हे यंत्र प्रथम आणले, तेव्हा त्याचे आकडे विश्वासाचे आहेत की नाहीत, हे आमच्या वडिलांनी कसोटीच्या दगडावर पडताळून पाहिले होते."

त्याच बैठकीत त्यांनी मनातली चिंता बोलून दाखवली. त्यांची कन्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. लहानपणापासून गायन शिकून तिने गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षाही दिली आहे. आता ती म्हणते, पदवीनंतर पुण्याची नोकरी नको. संगणक आणि संगीत या विषयात संशोधन करायचे आहे. स्नेही मला म्हणाले, "भाऊसाहेब, गाणे शिकवले ते संस्कार म्हणून. संगणकाला गाणे शिकवून कोणाचे घर चालते काय? उद्या सोयरिकीची बोलणी निघाली, तर मुलगी काय करते म्हणून सांगू?"

प्रश्न सरळ होता आणि पित्याच्या काळजीचा होता. त्या वेळी मी उत्तर दिले नाही. चौकशी करून या स्तंभातूनच देतो, असे सांगितले. आपल्या अनेक घरांत आज हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत उभा आहे, म्हणून हे उत्तर सर्वांसमोर मांडतो.

प्रथम हे शास्त्र काय आहे ते पाहू. गाण्याचे ध्वनिमुद्रण संगणकात जाते तेव्हा ते केवळ आकड्यांची लांबच लांब रांग असते. सामान्य दर्जाच्या मुद्रणात एका सेकंदाला ४४,१०० आकडे नोंदले जातात. या आकड्यांतून गायकाचा आवाज कोणता, तबला कोणता, तानपुऱ्याची आस कोणती, हे वेगळे काढणे. आवाजाची उंची क्षणाक्षणाला मोजणे. आणि त्या उंचीच्या रेषेवरून राग, ताल, बंदिशीचा मुखडा ओळखणे, हे या अभ्यासाचे काम.

यात आपल्या संगीताची एक मोठी अडचण आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात बहुधा एक स्वर ४४० हर्ट्झला बांधलेला असतो आणि सर्व वाद्ये त्यास जुळवून घेतात. आपल्याकडे प्रत्येक गायकाचा षड्ज निराळा. म्हणून यंत्राला आधी त्या गायकाचा 'सा' शोधावा लागतो. तो चुकला की पुढचे सारे गणित चुकते. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. भूप आणि देशकार या दोन रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. केवळ कोणते स्वर लागले हे मोजणारे यंत्र दोहोंना एकच समजेल. पण जाणकार श्रोता दोन-चार आलापांतच ओळखतो; कारण भूपात गंधार वादी आहे, देशकारात धैवत. कोणत्या स्वरावर किती थांबायचे आणि कोठून कसे उतरायचे, यात त्या रागांचे व्यक्तित्व आहे.

हा प्रश्न मुंबईच्या आय.आय.टी.त प्रत्यक्ष अभ्यासला गेला आहे. पवई येथील विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. प्रीती राव यांनी ध्वनिसंस्करणाची प्रयोगशाळा उभी केली. तेथे कौस्तुव कांती गांगुली या संशोधकाने त्यांच्यासह भूप-देशकार, पूरिया-मारवा, तोडी-मुलतानी अशा जवळच्या रागांच्या जोड्या घेतल्या. नामवंत गायकांच्या मुद्रणांतून प्रत्येक स्वर किती काळ व कसा वापरला गेला याचे तक्ते मांडले आणि त्यांतील फरक मोजण्याच्या रीती पारखून पाहिल्या. हे काम २०१८ साली प्रसिद्ध झाले. गांगुली स्वतः शिकलेले गायक आहेत. कोणता फरक शोधायचा हे ज्याच्या कानाला आधीच ठाऊक आहे, तोच गणिताला योग्य प्रश्न विचारू शकतो.

महाराष्ट्राला हा प्रयत्न नवा नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींची मोजणी करून १९१० साली पुण्यातून इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साह्य होते. पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे शिक्षण वकिलीचे. परंतु त्यांनी देशभर हिंडून घराण्यांतील बंदिशी गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या ६ भागांत मराठीतून स्वरलिपीसह छापल्या. महसूल खात्यातील अधिकाऱ्याने आणि वकिलाने जे कागदावर केले, तेच आज संगणकावर अधिक विस्ताराने होत आहे.

आपल्या परंपरेलाही हा विषय परका नाही. संगीताच्या शास्त्रावर संस्कृतात लिहिणाऱ्यांत पार्श्वदेव हे जैन ग्रंथकार होते. त्यांचा 'संगीतसमयसार' आजही अभ्यासला जातो. सुधाकलश यांचा 'संगीतोपनिषत्सारोद्धार' हा ग्रंथ १३५० सालचा आहे. राग, ताल, वाद्ये यांची नोंद करून ठेवणे हे त्यांना विद्येचेच काम वाटले होते.

अलीकडच्या काळात या विषयाला मोठे बळ मिळाले ते स्पेनमधील बार्सिलोना येथून. तेथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील प्रा. झेवियर सेरा यांनी युरोपीय संशोधन परिषदेच्या निधीतून २०११ मध्ये 'कॉम्पम्युझिक' हा प्रकल्प सुरू केला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदालुसी आणि चिनी अशा पाच संगीतपरंपरांचा अभ्यास त्या त्या परंपरेच्या दृष्टीने करावयाचा, हा त्याचा हेतू होता. मुंबई आणि मद्रास येथील आय.आय.टी. त्यात सहभागी होत्या, मद्रासला प्रा. हेमा मूर्ती यांनी हे काम पुढे नेले. या प्रकल्पातून ३० रागांची प्रत्येकी १० अशी ३०० हिंदुस्थानी मुद्रणे, सुमारे १३० तासांचे गायन, अभ्यासासाठी एकत्र आले. पुढे 'सारग' नावाचा संग्रह खुला करण्यात आला. कोणता षड्ज, कोणता ताल, सम कोठे, आलाप कोठे संपला, अशा नोंदी माणसांनी कान देऊन त्यात केलेल्या आहेत. या क्षेत्राची जागतिक परिषद २००० पासून भरते. तिचे २०२२ चे अधिवेशन बंगळुरूला झाले.

या नोंदींचे मोल व्यापारी वाचकांस सहज पटेल. कृत्रिम बुद्धिमत्ता उदाहरणांवरून शिकते. उदाहरणांवरची चिठ्ठीच चुकीची असेल, तर यंत्र तीच चूक लाखो वेळा करते. कसोटीचा दगड ज्याच्या हाती आहे तो माणूस येथे दुर्मीळ आहे. संगणकाची भाषा जाणणारे पदवीधर दरवर्षी हजारोंनी बाहेर पडतात. मुलतानीचा कोमल रिषभ ऐकून ओळखणारे त्यांत किती असतील? माझ्या स्नेह्यांच्या कन्येने १२ वर्षे केलेला रियाझ म्हणजे या बाजारातील तिचे खरे भांडवल आहे. संस्कार म्हणून दिलेले शिक्षण तिच्या हाती साधन होऊन आले आहे.

आता मार्ग आणि खर्च. इलेक्ट्रॉनिक्स, संगणक किंवा माहिती तंत्रज्ञान यांपैकी कोणतीही पदवी चालते. खामगावच्या मुलांना त्यासाठी दूर जावे लागत नाही; शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय जवळच आहे. पदवी चालू असतानाच रेषीय बीजगणित, संभाव्यताशास्त्र आणि संकेतसंस्करण हे विषय पक्के करावेत. प्रा. सेरा आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्रा. ज्युलियस स्मिथ यांनी संगीतासाठी ध्वनिसंस्करण या विषयाचा अभ्यासक्रम कोर्सेरावर तयार केला आहे. आवड खरी आहे की क्षणिक, हे एका सुटीत कळून येईल.

पुढे 'गेट' परीक्षा. ती साधारणतः फेब्रुवारीत होते आणि अर्ज त्याआधीच्या पावसाळ्याच्या अखेरीस भरावे लागतात. या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. त्यानंतर पीएच.डी. केंद्र सरकारने २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार कनिष्ठ संशोधकास पहिली २ वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांची बेरीज २४ लाख रुपये होते. शिकताना घरातून पैसा जाण्याऐवजी घरात येतो, ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. परदेशी जाण्याची इच्छा असल्यास बार्सिलोनाच्या त्याच विद्यापीठात ध्वनी व संगीत संगणन या विषयाचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतो; लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातही या विषयाचे मोठे केंद्र आहे. मात्र कर्ज काढून थेट परदेशी जाण्यापेक्षा आधी येथील एखाद्या प्रयोगशाळेत उन्हाळी उमेदवारी करावी, असे माझे मत आहे.

यात कमाई आहे काय? एक जुने उदाहरण देतो. स्टॅनफर्डचे जॉन चाउनिंग हे संगीतरचनाकार. १९६७ मध्ये त्यांना संगणकाने नवे नाद निर्माण करण्याची एक युक्ती सापडली. जपानच्या यामाहा कंपनीने तिचे हक्क परवान्याने घेतले आणि १९८३ मध्ये 'डीएक्स-७' हे वाद्य बाजारात आणले. विद्यापीठाला त्यातून मिळालेला स्वामित्वधनाचा आकडा २ कोटी डॉलरांच्या वर गेला. पण शोधापासून त्या वाद्यापर्यंत १६ वर्षे लागली, हेही लक्षात ठेवावे. हा दिवाळीच्या हंगामाचा माल नव्हे. निकाल हाती यायला वर्षे लागतात, प्राध्यापकांच्या जागा मोजक्या असतात, आणि काही संशोधने तर निष्फळच ठरतात. मुलांना हे आधीच सांगावे.

आणखी एक सावधगिरीची बाब. केवळ दोन ओळी लिहून दिल्या की संपूर्ण गाणे तयार करून देणाऱ्या सेवा आता आल्या आहेत. सुनो आणि उडिओ या कंपन्यांवर अमेरिकेतील मोठ्या संगीत कंपन्यांनी जून २०२४ मध्ये दावे दाखल केले. आपली मुद्रणे परवानगीवाचून यंत्रशिक्षणासाठी वापरली, असा त्यांचा आक्षेप होता. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. दुसऱ्याचा माल पावतीवाचून आपल्या गोदामात ठेवू नये, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. गायकाची अनुमती घेऊन, नोंद ठेवून काम करणाऱ्या संशोधकांची गरज यापुढे वाढतच जाणार आहे. घरोघरी आजी-आजोबांच्या आवाजातील स्तवनांच्या जुन्या कॅसेट पडून आहेत. त्या कोणी, कोठे, कधी म्हटल्या याची वही करून त्या संगणकावर उतरवून ठेवणे, हा नवशिक्या विद्यार्थ्यासाठी पहिला उत्तम पाठ ठरेल.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वी मी स्नेह्यांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, "पाच वर्षांनी जमले नाही तर?" मी म्हणालो, जे गणित गायकाचा आवाज तानपुऱ्यातून वेगळा काढते, तेच श्रवणयंत्रात, दूरध्वनीत आणि बोललेले शब्द लिहून देणाऱ्या संगणकात लागते. संगीतात जागा मिळाली नाही, तरी ही विद्या वाया जात नाही.

थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला सुटीत तो अभ्यासक्रम करू दे. आजीच्या कॅसेट माळ्यावर आहेत, त्याही तिच्या हवाली करतो. आणि गेटचा निकाल लागेपर्यंत सोयरिकीचा विषय घरात काढायचा नाही, हे मी तिच्या आईला आजच सांगतो."