पडद्यावरचा पासंग

आपल्या संस्थेच्या कार्यालयातील टीव्ही जुना झाला, त्यावर संगणकाची अक्षरे अस्पष्ट दिसतात, सबब यंदा नवा, मोठा व भारी किमतीचा संच घ्यावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. सूचना करणाऱ्या बंधूंचा हेतू चांगला आहे, यात आम्हास शंका नाही. तथापि या सूचनेस आमचा विरोध आहे. तो कृपणपणाचा नसून स्वतः ठेच खाल्ल्यानंतरचा असल्यामुळे तो या स्मरणिकेत सविस्तर मांडण्याची अनुज्ञा आम्ही संपादक मंडळाकडून मागून घेतली. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विजेच्या उपकरणांचे शास्त्र आम्हास अवगत नाही. परंतु माल निघाला किती आणि पोहोचला किती, हा हिशेब आम्ही चाळीस वर्षे करीत आलो आहोत, आणि संगणकाचे चित्र टीव्हीवर आणणे हा आमच्या समजुतीप्रमाणे त्याच हिशेबाचा विषय आहे.

पांडेसऱ्यात आमच्या पेढीच्या दर्शनी भागी पूर्वी भावाची पाटी खडूने लिहिली जाई. काही वर्षांपूर्वी चिरंजीवांच्या आग्रहावरून ती पाटी गेली आणि तिच्या जागी त्रेचाळीस इंचांचा टीव्ही आला. मुनीमजी आपल्या बैठकीवरून संगणकावर भावांचा तक्ता भरीत, आणि तो भिंतीच्या कडेने नेलेल्या सुमारे दहा मीटरच्या केबलीतून टीव्हीवर उमटे. निळ्या भूमीवर तांबडे आकडे, अशी शोभाही चिरंजीवांनी केली होती. एके सकाळी भेस्तानचे एक किराणा व्यापारी, आमचे जुने गिऱ्हाईक, हरभऱ्याचा भाव पाहून दहा क्विंटलांची मागणी नोंदवून गेले. बिल हाती पडताच ते परत आले. आमचा भाव ५,८५० होता. त्यांनी वाचला ५,३५०. इंग्रजी लिपीतील आठाचा आकडा त्या पडद्यावर डावीकडून इतका विरला होता, की तो तीनच वाटावा. ते म्हणाले, "शेठजी, पाटी तुमची, आकडा तुमचा. आम्ही डोळे का घरी ठेवून आलो?" आम्ही स्वतः दाराशी उभे राहून पाहिले, आणि आम्हासही तीनच दिसला! पाच हजार रुपये सोडून दिले. रुपयांचे फारसे काही वाटले नाही. परंतु दुकानात त्या वेळी आणखी चार गिऱ्हाइके उभी होती, आणि पाटीवर एक भाव व बिलात दुसरा, ही बोलवा उधना-बमरोलीपर्यंत जावयास एक दिवस पुरतो.

त्याच संध्याकाळी आम्ही नवा टीव्ही पाहावयास शहरात गेलो. विक्रेत्याने आमची हकीकत पुरती ऐकून न घेताच जुना संच निकामी ठरविला, दुप्पट मोठा संच दाखविला, आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली एक केबल दाखवून तिने चित्र अधिक झळाळते, असे सांगितले. आम्ही बयाणा देणार, इतक्यात घरून फोन आल्यामुळे तो बेत दुसऱ्या दिवसावर गेला. आमच्या सोसायटीत मूळचा धुळ्याकडचा एक तरुण राहतो. पांडेसऱ्यातील छपाईच्या एका गिरणीत तो साड्यांच्या नक्षीचे काम संगणकावर करतो. पडद्यावरचा रंग आणि कापडावरचा रंग यांची गाठ घालून देणे हेच त्याचे पोट. तो पेढीवर आला, टीव्हीच्या मागे डोकावला आणि हसून म्हणाला, "काका, टीव्ही चांगला आहे. त्याच्यापर्यंत माल येतो तोच सांडत येतो."

त्याने जे समजावून सांगितले, ते आम्ही आमच्या भाषेत लिहितो. टीव्हीचा पडदा म्हणजे बारीक बिंदूंची ओळीने केलेली मांडणी. आमच्या संचावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे बिंदू, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. मुनीमजींचा संगणक मात्र १,०२४ बाय ७६८ या मापावर ठेवलेला होता. तो पाठवीत होता आठ लाखांहूनही कमी. ते आठ लाख बिंदू टीव्ही आपल्या वीस लाखांच्या पडद्यावर ताणून बसवी. बिंदू कमी पडले की यंत्र शेजारच्या दोन बिंदूंवरून मधला अदमासे रचते, आणि अदमासाने रचलेला आठ कधी कधी तीन होतो.

दुसरा दोष केबलीचा. ती निळ्या टोकाची, तीन ओळींत पंधरा पिना असलेली व्हीजीए जातीची होती. ही पद्धत आयबीएम कंपनीने १९८७ साली आपल्या संगणकांबरोबर आणली. ती त्या काळच्या फुगीर काचेच्या पडद्यांसाठी होती, आणि त्या कामी ती उत्तमच होती. तिच्यात संगणक आपल्या आकड्यांचे रूपांतर विजेच्या चढउतारांत करतो, आणि नव्या चपट्या टीव्हीला त्या चढउतारांचे पुन्हा आकडे करावे लागतात. एका पोत्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात धान्य ओतताना जे होते, तेच येथे होते. त्यात केबल दहा मीटर लांब; म्हणून प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे एक फिकट सावली. याउलट एचडीएमआय केबलीत चित्राचे आकडे आकड्यांच्याच रूपाने जातात, आणि आवाजही तिच्यातूनच जातो. हिताची, फिलिप्स, सोनी, तोशिबा आदी सात कंपन्यांनी मिळून तिचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध केला. तिला १९ पिना असतात. आमच्या संगणकाला आणि टीव्हीलाही ते पोर्ट होते. दोन्ही धूळ खात होते.

आम्ही संगणकाची पेटी टीव्हीजवळ हलविली, तीन मीटरची साधी एचडीएमआय केबल तीन-चारशे रुपयांत आणली, आणि संगणकाच्या 'डिस्प्ले' विभागात ज्या मापापुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले असते ते १,९२० बाय १,०८० निवडले. सोन्याच्या मुलाम्याविषयी त्या तरुणाचे म्हणणे आम्हास पटले. केबल त्या मापाचा भार वाहण्यास समर्थ असेल तर आकडे जसेच्या तसे पोहोचतात. समर्थ नसेल तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्र मधूनमधून काळे पडते. महाग केबलीतून तोच आठ अधिक सुंदर होऊन येत नाही.

आकडे स्वच्छ झाले. परंतु एक नवाच चमत्कार समोर आला. तक्त्याची पहिली ओळ दिसेना, आणि डाव्या बाजूच्या मालाच्या नावांची पहिली अक्षरे कापली गेली. आम्हास वाटले, केबल खोटी. केबल खरी होती. टीव्हीच चारही कडा कापून घेत होता! ही खोड जुन्या काळची आहे. फुगीर काचेच्या संचांत चित्राच्या कडा स्थिर राहत नसत, म्हणून चित्र पडद्याहून थोडे मोठे करून त्या चौकटीआड दडवीत. यास ओव्हरस्कॅन म्हणतात. फुगीर काच गेली, पण खोड राहिली. आजचेही अनेक संच पेटीतून निघतात ते हीच खोड घेऊन. आम्ही त्याचा हिशेब मांडला. समजा, प्रत्येक कडेला शेकडा अडीच कापले. म्हणजे रुंदीत पाच गेले आणि उंचीतही पाच गेले; उरले सव्वानव्वद. क्विंटलमागे पावणेदहा किलो तूट! धान्याच्या बाजारात कोणी असा काटा ठेवील, तर त्याच्या पेढीवर कोण चढेल? आणि तूट एवढ्यावर भागत नाही. उरलेले चित्र पडदा भरण्यासाठी पुन्हा ताणले जाते, म्हणजे मधली अक्षरेही बिघडतात. उपाय रिमोटवरच्या चित्राच्या मापाच्या यादीत असतो. त्याचे नाव दर कंपनीत निराळे: कोठे 'जस्ट स्कॅन', कोठे 'स्क्रीन फिट', कोठे 'फुल पिक्सेल', कोठे 'डॉट बाय डॉट'. नावे चार, काम एक: संगणकाचा एक बिंदू म्हणजे पडद्याचा एक बिंदू. तराजूचा पासंग काढून धडा केल्यावाचून आपण माल तोलीत नाही. टीव्हीचा हा धडा समजावा.

इतके होऊनही निळ्यावरचे तांबडे आकडे कडेला चिघळलेलेच दिसत. येथे तो गिरणीतला तरुण खरा रंगला. तो म्हणाला की सिनेमा व मालिकांची चित्रे पाठविताना जागा वाचविण्यासाठी उजेड प्रत्येक बिंदूचा पाठवितात, पण रंग चार बिंदूंना मिळून एकच. माणसाच्या चेहऱ्यात ते कळत नाही. बारीक अक्षरांत कळते. पुष्कळ टीव्ही संगणकाच्या चित्रालाही हीच वागणूक देतात. ज्या पोर्टात संगणक जोडला असेल त्या इनपुटचे नाव बदलून 'पीसी' असे ठेवले, की अनेक संच प्रत्येक बिंदूचा रंग पुरा राखतात. नाव बदलल्याने गुण बदलतो, हे आम्हास प्रथम थट्टेचे वाटले. बदलून पाहिले आणि आकडे सुरीने कापल्यासारखे उभे राहिले. तरीही पुढे आम्ही पांढऱ्यावर काळे आकडे हाच रिवाज ठेवला. चिरंजीवांची शोभा दिवाळीपुरती.

'शार्पनेस' नावाच्या एका सोयीविषयी मात्र आमचे मत कडक आहे. ती वाढविली की चित्र तीक्ष्ण झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात यंत्र प्रत्येक रेघेला स्वतःची एक पांढरी किनार जोडते. तेल-पाण्याचा हात फिरवून चकचकीत केलेली तूरडाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापेक्षा अधिक सांगणे नलगे. संगणकासाठी ती अगदी खाली आणावी. 'डायनॅमिक', 'व्हिविड' इत्यादी भडक प्रकारही दुकानाच्या झगमगाटात संच खपविण्यासाठी असतात. घरी त्यांचे काम नाही. काळा रंग राखाडी दिसू लागला, किंवा अंधारातले सारेच बुडाले, तर संगणक व टीव्ही यांची मापे जुळत नाहीत असे समजावे. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ मोजतो, आणि टीव्हीची रीत १६ ते २३५ अशी आहे. दोहोंकडे एकच माप निवडावे म्हणजे झाले.

हे सर्व पेढीपुरते आहे, असे भगिनींनी समजू नये. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि नातवंडांची शाळा घरात आली, तेव्हा आम्हीही इतर अनेक घरांप्रमाणे संगणक टीव्हीला जोडला. मुले फोनच्या वीतभर काचेत डोळे खुपसून बसण्यापेक्षा सहा हातांवरून फळा पाहोत, एवढाच हेतू. अक्षरे बारीक दिसतात, अशी आमच्या सौभाग्यवतींची तक्रार आली, म्हणून आम्ही संगणकाचे माप कमी केले. अक्षरे मोठी झाली, पण गढूळ झाली. नातू अपूर्णांकांतील अंश व छेद चुकवू लागला, आणि आम्ही त्याला लक्ष नाही म्हणून रागावलो. पुढे पेढीचा अनुभव आल्यावर समजले की चूक मुलाची नव्हती. माप पूर्णच ठेवावयाचे, आणि त्याच 'डिस्प्ले' विभागात 'स्केल' म्हणून जो आकडा असतो तो शंभरावरून १२५ किंवा १५० करावयाचा. मग संगणक मोठी अक्षरे नव्याने रेखून पाठवितो, ताणून नव्हे. ज्यांच्या घरी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली वडील मंडळी आहेत, त्यांनी एवढे एक तरी आजच करून पाहावे. त्या रागावण्याबद्दल नातवाची आम्ही अद्याप माफी मागितलेली नाही; तो आता मोठा झाला आहे, आणि हे छापून आले की वाचीलच.

आता कार्यकारिणीपुढील सूचना. जो संच सुचविला आहे तो 'फोर के' जातीचा, म्हणजे ३,८४० बाय २,१६० बिंदूंचा आहे. एकूण ८२ लाख ९४ हजार ४००, आपल्या पेढीवरील संचाच्या बरोबर चौपट. परंतु कार्यालयातील संगणक जुना आहे. तो १,९२० बाय १,०८० इतकेच पाठविणार असेल, तर नवा संच प्रत्येक बिंदूचे चार करून मांडील. मजकूर मोठा दिसेल, अधिक काही दिसणार नाही. त्याचे एचडीएमआय पोर्ट २००९ सालच्या आराखड्याचे असेल, तर चौपट चित्र जाईल खरे, पण सेकंदास ३० वेळा. त्यात माउसचा बाण अडखळत चालतो. सेकंदास ६० वेळा जाण्याची सोय २०१३ च्या आराखड्यापासून आहे. त्यासाठी 'प्रीमियम हाय स्पीड' असा शिक्का असलेली केबल घ्यावी, आणि पुष्कळ संचांत त्या पोर्टाची पूर्ण क्षमता रिमोटवरून वेगळी खुली करावी लागते. म्हणजे संचामागे संगणक आला, संगणकामागे केबल आली; सूचनेत मात्र खर्च एका संचाचाच धरला आहे. बिनतारी जोडणीचे नाव काहींनी घेतले. लग्नाची चित्रफीत दाखविण्यास ती चालेल. तिच्यात चित्र दाबून पाठविले जाते, म्हणून भावांच्या तक्त्यास ती आम्ही लावणार नाही.

आमचा विरोध आंधळा नाही. कार्यालयातील संच तपासता तो १,३६६ बाय ७६८ बिंदूंचा निघाला, तर त्यावर पूर्ण मापाचे चित्र आकसूनच बसेल आणि बारीक अक्षर कधीच स्वच्छ दिसणार नाही. तसे आढळल्यास विरोध मागे घेऊन वर्गणीत आमचा वाटा आम्ही प्रथम भरू. संचाच्या पाठीवरील क्रमांकावरून हे पाच मिनिटांत कळते. ते अद्याप कोणी पाहिलेले नाही.

त्या तरुणाने आमच्यासाठी एक चित्र तयार करून दिले आहे. बरोबर १,९२० बाय १,०८० बिंदूंचे. चारही कडांना एकेका बिंदूची तांबडी रेघ, मध्ये एकाआड एक काळ्या-पांढऱ्या रेघा, आणि खाली निळ्यावर तांबड्या रंगात बारीक आकडे. चारही रेघा दिसल्या, मधला पट्टा लहरींवाचून सारखा दिसला, आणि आठ व तीन निराळे ओळखू आले, तर जोडणी बिनचूक. पुढील सभेच्या अर्धा तास आधी आमचे मुनीमजी ते चित्र आणि एक केबल घेऊन कार्यालयात हजर राहतील. ज्या सभासदांना ते घरी नेऊन पाहावयाचे असेल, त्यांनी आपला पेन ड्राइव्ह बरोबर आणावा.