विश्लेषण : घोरण्यावर उपचार केले तर मायग्रेन थांबेल का?

हिंजवडीत डोकेदुखीची साधारण दोन कारणे सांगितली जातात. एक, वाकडच्या पुलापासून सुरू होणारी कोंडी आणि दुसरे, मायग्रेन. कोंडीवर औषध नाही. मायग्रेनवरची गोळी मात्र बॅगेत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, नाहीतर कॅबमधल्या सहकाऱ्याकडे असतेच. या सगळ्यात एक शक्यता तपासायची राहून जाते. दुखण्याचे मूळ दिवसभराच्या कामात नसून रात्रीच्या झोपेत असेल तर?

झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यावर उपचार केल्यास मायग्रेन कमी होते का, या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे : ॲप्निया असेल तर फायदा होऊ शकतो, नसेल तर मशिनवर केलेला खर्च वाया जातो. आणि ज्याला रुग्ण स्वतःच मायग्रेन म्हणून मोकळा होतो, ते काही वेळा मायग्रेन नसतेच.

झोपेत नेमके काय बिघडते?

झोप गाढ झाली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवून माणसाला क्षणभर जागे करतो आणि मोठा घुसमटलेला श्वास घेऊन पुन्हा झोप लागते. सकाळी यातले काहीही आठवत नाही. तासाला असे 5 ते 15 प्रकार झाले तर विकार सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि त्यापुढे तीव्र. तीव्र म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांनी किमान एकदा. एखाद्या सर्व्हरला रात्रभर असे रिस्टार्ट केले, तर सकाळी तो धड चालेल अशी अपेक्षा हिंजवडीतला कुणीही करणार नाही.

हा विकार आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 35 ते 65 वयोगटातील शहरी पुरुषांपैकी 19.5 टक्के जणांच्या झोपेत श्वासाचे अडथळे आढळले होते. दिवसा पेंग येण्यासारख्या लक्षणांसह पूर्ण विकार असलेले 7.5 टक्के होते. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले, तेव्हा बातम्यांमधून या आजाराचे नाव घरोघरी पोहोचले. काही दिवस चर्चा झाली आणि घोरणे पुन्हा विनोदाचा विषय झाले.

दुखणे एक, प्रकार दोन

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती 2018 मध्ये आली. त्यात ‘स्लीप ॲप्नियाची डोकेदुखी’ हा स्वतंत्र प्रकार आहे. जाग येताच डोके दुखते, बहुधा दोन्ही बाजूंनी, आवळल्यासारखे. मळमळ नाही, उजेड-आवाजाचा त्रास नाही. चार तासांत ते ओसरते, पण महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस येते. मायग्रेनची तऱ्हा वेगळी. ते बऱ्याचदा एका बाजूला ठणकते, म्हणून तर जुने नाव अर्धशिशी. औषध न घेतल्यास ते चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते, जिना चढला तरी वाढते आणि सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज नकोसा होणे असते.

पहिल्या प्रकारात ॲप्नियावरचा उपचार हाच डोकेदुखीवरचा उपचार. दुसऱ्या प्रकारात गणित इतके सरळ नाही.

हिंजवडीत यात आणखी एक गोम आहे. डॉक्टर विचारतात, ‘सकाळी डोके दुखते का?’ अमेरिकेच्या वेळेनुसार काम करून पहाटे झोपणारा आणि दुपारी उठणारा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. त्याचे डोके दुपारी दोनला दुखते आणि दोष उन्हाला जातो. खरे तर त्याची सकाळ तीच. प्रश्न घड्याळाचा नसून जाग येण्याचा आहे, हे शिफ्टमध्ये काम करणाऱ्याने डॉक्टरांना आपणहून सांगितले पाहिजे.

संशोधन काय सांगते?

उत्साह वाढवणारे आणि उत्साहावर पाणी ओतणारे, दोन्ही प्रकारचे पुरावे आहेत. ॲप्निया असलेल्या मायग्रेनच्या रुग्णांना सीपॅप मशिन दिल्यावर झटके कमी झाल्याचे एका अभ्यासात 2011 मध्ये दिसले, पण त्यातले रुग्ण मोजकेच होते. त्याच वर्षी नॉर्वेतील सर्वसामान्य लोकसंख्येच्या अभ्यासात मायग्रेन आणि ॲप्निया यांच्यात संबंध सापडला नाही. म्हणजे ॲप्नियामुळे मायग्रेन होते, असे म्हणण्याला आधार नाही. मात्र मोडलेली झोप हे मायग्रेन चाळवणारे ओळखीचे कारण आहे. ज्याला दोन्ही आजार आहेत, त्याची झोप सुधारली तर झटके कमी होणे पटण्यासारखे आहे. तेवढेच म्हणावे. ‘मशिन लावा, मायग्रेन विसरा’ अशी जाहिरात दिसली तर पुढे सरकावे.

गोळ्यांचा हिशेब मात्र ताबडतोब करण्यासारखा आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. दुसरे, मायग्रेन रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन, व्हॅलप्रोएट यांसारख्या औषधांनी काहींचे वजन वाढते आणि वाढलेले वजन ॲप्नियाला पोसते. औषध मनाने बंद करू नये, पण घोरणे वाढले असेल तर ते न्यूरोलॉजिस्टच्या कानावर घालावे. झोपेची गोळी आणि रात्रीचे मद्य घसा आणखी सैल करतात, हेही त्यातच आले.

मशिन घेण्याआधी

सीपॅप म्हणजे नाकावरच्या मास्कमधून सतत हलका हवेचा दाब देणारे यंत्र. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये ते जगासमोर मांडले. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. आजचे यंत्र उशाशी मावते, पण त्याआधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी लागते. लॅबमध्ये किंवा सोपी उपकरणे लावून घरीही ती होते. खर्च काही हजारांत जातो आणि बऱ्याच आरोग्य विम्यांत ओपीडीच्या तपासण्या बसत नाहीत. म्हणून लोक थेट जुने मशिन शोधतात. ते टाळावे. दाब किती हवा, हे तपासणीशिवाय कळत नाही. शिवाय फिलिप्स कंपनीने जून 2021 मध्ये आतल्या फोमच्या दोषामुळे लाखो यंत्रे परत मागवली होती. हातात आलेले जुने यंत्र त्यातले नाही ना, हे विकणारा सांगेलच असे नाही.

मशिन कपाटात राहिले तर उपयोग शून्य. रात्री किमान चार तास वापर, हा डॉक्टरांचा नेहमीचा निकष. सौम्य विकारात वजन कमी करणे, कुशीवर झोपणे किंवा जबडा पुढे धरणारे दंतउपकरण यांनीही काम भागू शकते.

विचारणार कोण?

घोरणे ज्याचे त्याला ऐकू येत नाही. लग्न झालेल्यांना जोडीदार सांगतो. वाकड-हिंजवडीच्या पीजीत राहणाऱ्याचा रूममेट कानात इअरफोन घालून मोकळा होतो आणि एकटे राहणाऱ्याला सांगायला कुणीच नसते. बायकांची अडचण वेगळी. मायग्रेन पुरुषांपेक्षा त्यांच्यात जास्त असते. ॲप्नियात मात्र त्या मोठ्याने घोरण्याऐवजी थकवा, झोप न लागणे आणि डोकेदुखी यांचीच तक्रार घेऊन येतात. जगभर वापरली जाणारी स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादीही त्यांच्या बाजूने झुकलेली नाही. पुरुष असण्याला एक गुण, पन्नाशी ओलांडण्याला एक गुण. बत्तीस वर्षांची टेस्टर तिथे ‘कमी धोका’ ठरते.

म्हणूनच जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्यावर टाकून चालणार नाही. कंपन्या वार्षिक तपासणीत साखर, कोलेस्टेरॉल मोजतात. त्याच अर्जावर ‘झोपेत श्वास अडकल्याचे कुणी सांगितले आहे का? जाग येताच डोके दुखते का? महिन्यात किती दिवस गोळी घेता?’ हे तीन प्रश्न घालायला पैसा लागत नाही. रात्रपाळी करून दुचाकीने घरी परतणाऱ्याला पेंग येत असेल, तर प्रश्न डोकेदुखीपुरताही उरत नाही.

तोवर दोन आठवडे मोबाइलमध्ये नोंद ठेवता येईल : झोपलो कधी, उठलो कधी, डोके कधी दुखले, किती वेळ, गोळी कोणती. ही नोंद घेऊन गेलेल्या रुग्णाचे निदान लवकर होते. मात्र डोके क्षणात असह्य दुखू लागले, सोबत बोलणे अडखळले, हात-पाय लुळा पडला किंवा ताप येऊन मान आखडली, तर नोंदी करत न बसता थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.