दार उघडलं, पण बिलाचं काय?

१९९२ च्या जुलैमध्ये पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला होता. सोबतच्या लोकांनी एकामागून एक सरकारी रुग्णालयं पालथी घातली, कोलकात्यातली मोठमोठीसुद्धा. कुठे खाट नव्हती, कुठे उपचाराची सोय नव्हती. शेवटी एका खासगी रुग्णालयात उपचार झाले आणि सुमारे १७,००० रुपयांचा खर्च आला. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, सर्वोच्च न्यायालयात गेली. सरकारी रुग्णालयाने गरजू रुग्णाला वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असं न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं. २५,००० रुपये भरपाईही देववली.

त्याआधी १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्याचा निकाल आला होता. अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला पोलीस केस म्हणून जवळच्या रुग्णालयाने घेतलं नाही, वीसेक किलोमीटरवरच्या रुग्णालयात पाठवलं आणि वाटेतच तो गेला. डॉक्टर सरकारी असो की खासगी, आधी जीव वाचवायचा आणि बाकीचे सोपस्कार मागून, हे तेव्हापासून या देशाचं कायद्याचं सूत्र आहे.

दोन्ही निकालांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दोन्हींचा विषय होता रुग्णालयाचं दार. १९९६ ची भरपाई नकाराबद्दल मिळाली. ते १७,००० रुपये वाजवी होते का, तातडीच्या वेळी असे पैसे कुणाकडून आणि कोणत्या दराने घ्यायचे, याचा सर्वसाधारण नियम तेव्हा झाला नाही आणि अजूनही झालेला नाही. जीव वाचवून घेण्याचा हक्क आपल्याला आहे. त्यानंतर हातात पडणाऱ्या बिलापासून संरक्षण जवळपास नाही. या आठवड्यात मला एवढंच मांडायचं आहे.

रात्री छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन घरचे कॅज्युअल्टीत पोहोचतात तेव्हा काय होतं, ते ज्याने अनुभवलं आहे त्याला सांगायला नको. पेशंट आत जातो आणि नातेवाइकांपुढे कागद येतात. इथे सही करा, इथेही करा. जनरल वॉर्ड फुल आहे, ट्विन शेअरिंगही नाही, सध्या डीलक्समध्ये घेतो, चालेल ना? त्या क्षणी ‘नाही’ कोण म्हणणार? पण अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की फक्त खोलीचं भाडं बदलत नाही. डॉक्टरांच्या व्हिजिटची फी, शस्त्रक्रियेचा आकार, नर्सिंगचे पैसे, सगळंच त्या वर्गाच्या दराने लागतं. औषधं, हातमोजे, सिरिंजा रुग्णालयाच्याच मेडिकलमधून येतात, छापील किमतीला. या मेडिकल दुकानांचा प्रश्न मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने धोरण ठरवण्याचं काम राज्यांवर सोपवलं.

बाजारात टोमॅटो महाग वाटले तर पुढच्या गाडीवर जाता येतं. कॅज्युअल्टीत पुढची गाडी नसते. निवडीची संधी नाही, आधी भाव विचारायला वेळ नाही, घासाघीस करायचं बळ नाही. अशा व्यवहाराला ‘रुग्णाने दिलेली संमती’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. शस्त्रक्रियेला संमती असते. किमतीला ती धरता येत नाही.

महाराष्ट्रात काहीच नाही असं नव्हे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या आहेत. त्याच योजनेत हेही आहे की तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि अनामत मागायची नाही. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीच्या कुटुंबाकडे दहा लाख रुपयांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. नंतर दुसरीकडे नेलेल्या त्या बाईंचा मृत्यू झाला होता. शहर हादरलं, मोर्चे निघाले, चौकशा झाल्या, आणि तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही असं त्या रुग्णालयाने जाहीर केलं. जो नियम एकोणीस वर्षं कागदावर होता तो पाळण्याची घोषणा करायला एक जीव जावा लागला.

खासगी रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, तक्रार निवारण कक्ष असायला हवा, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही. हे सगळं चांगलंच आहे. पण दरपत्रक लावणं आणि दर वाजवी असणं यांत फार अंतर आहे. भिंतीवर लावलेला तक्ता वाचायला त्या रात्री कुणाला उसंत असते?

विमा असला की सुटलो, असंही नाही. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा पाच हजार आणि मिळाली दहा हजारांची खोली, तर कंपनी फक्त भाड्याचा फरक कापत नाही, त्याच प्रमाणात इतर आकारही निम्मे करते. आयसीयूचं शुल्क, औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावायची नाही, असं विमा नियामकाने २०२० मध्ये ठरवलं. २०२४ मध्ये कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायचं बंधन घातलं; उशीर झाला तर रुग्णालयाचा जादा आकार कंपनीने सोसायचा. त्याच वर्षी विमा कंपन्यांनी आपल्या यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस देण्याची तयारी दाखवली. तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं. मात्र रुग्णालयही राजी हवं. नसेल तर पैसे आधी भरा, मागून कंपनीकडे मागा. म्हणजे पुन्हा दागिने, उसनवारी, फोनवर फोन.

अमेरिकेतल्या आरोग्यव्यवस्थेतून घ्यावं असं फार नाही, पण तिथली एक गोष्ट घेण्याजोगी आहे. तातडीच्या रुग्णाला तपासून स्थिर केलंच पाहिजे, असा कायदा तिथे १९८६ मध्ये झाला. बिलाचा कायदा मात्र १ जानेवारी २०२२ ला लागू झाला. विमाधारक तातडीच्या वेळी यादीबाहेरच्या रुग्णालयात पोहोचला तरी त्याने यादीतल्या रुग्णालयाइतकाच आपला वाटा भरायचा. उरलेल्या रकमेवर रुग्णालय आणि विमा कंपनी यांनी आपसात भांडावं, लवादाकडे जावं. रुग्णाला त्यात ओढायचं नाही. रस्त्यावरची रुग्णवाहिका या कायद्यातून सुटली, ही त्याची मोठी उणीव. तरी तत्त्व पक्कं आहे: पैशांचा वाद खाटेपासून लांब न्यायचा.

आपल्याकडे हे करायचं तर एक प्रश्न टाळता येत नाही. पैसे देणार कोण? राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला. तातडीच्या उपचाराआधी पैसे मागायचे नाहीत आणि रुग्ण देऊ शकला नाही तर सरकार देईल, असं त्यात लिहिलं. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांची सगळीच भूमिका मला पटली नाही, पण सरकार कधी देणार, किती देणार, या प्रश्नाला उत्तर हवंच होतं. तालुक्याच्या गावी दहा खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्याने रात्री दोनला सर्पदंशाचा रुग्ण घ्यावा, प्रतिविषाच्या कुपी वापराव्यात आणि वर्षभर सरकारी धनादेशाची वाट पाहावी, ही अपेक्षा रास्त नाही. तसं झालं तर पुढचा रुग्ण दारातूनच जिल्ह्याला पाठवला जाईल, आणि १९८९ चा निकाल पुन्हा कागदावरच राहील.

पैसे देणारा ठरवता येतो, हे केंद्रानेच दाखवलं आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळायचे आहेत. पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, प्रसूतीतला रक्तस्राव, सर्पदंश यांतला माणूस रस्त्यावर गाडीखाली आला नाही, एवढ्यावरून त्याला वेगळं का ठेवायचं?

दर बांधता येतात, हेही आपण पाहिलं आहे. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साधी खाट दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पळवाटा निघाल्या, जादा बिलं लागलीच. पण लेखापरीक्षक नेमले गेले, बिलं तपासली गेली, काही ठिकाणी पैसे परत करावे लागले. हाताशी दरांचा शासकीय कागद असल्यामुळेच रुग्णांची माणसं भांडू शकली.

मागणी म्हणून मी हे लिहीत आहे. राज्याने तातडीच्या उपचारांचे दर ठरवावेत, तालुका आणि महानगर यांतला खर्चाचा फरक धरून. प्रकृती स्थिर होईपर्यंतचं बिल त्याच दराने, खोलीचा वर्ग कोणताही असो. ते विमा कंपनीला, राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेला किंवा वेगळ्या निधीला थेट जावं, आणि ठरलेल्या मुदतीत रुग्णालयाला पैसे मिळावेत, उशीर झाला तर व्याजासह. आणि स्थिर झाल्याची वेळ डॉक्टरांनी केसपेपरवर घड्याळ पाहून लिहावी, नातेवाइकांना तिथेच सांगावी. त्या वेळेनंतर खोली, दर, दुसरं रुग्णालय, सगळं विचारून ठरवायला माणूस मोकळा असतो. त्या वेळेपर्यंतच्या कुठल्याही आकारावर त्याची सही घ्यायची नाही.