मोटारसायकल आणि मनःस्वास्थ्य

मोटारसायकल या वाहनाविषयी आपल्या मध्यमवर्गात दोनच मते रूढ आहेत. पहिले असे की, ज्याला मोटार घेण्याची ऐपत अद्याप आलेली नाही, त्याने तोवर निभावून न्यावयाची ही एक तडजोड आहे. आणि दुसरे असे की, वयात आलेल्या मुलाने बापाच्या मागे तगादा लावून मिळवावयाची आणि आईच्या जिवाला घोर लावावयाची ही एक पीडा आहे. दोन्ही मतांत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याची चाळिशी-पन्नाशी उलटली आहे, ज्याच्या संसाराची घडी बरीचशी बसली आहे आणि तरीही ज्याला रात्री स्वस्थ झोप लागत नाही, अशा माणसाला हे वाहन काही देऊ शकते काय, हा प्रश्न आपण कधी विचारीतच नाही. तो विचारावा आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे असे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच. आणि ते मांडावयाला पनवेल तालुक्यातील नेरे या गावापेक्षा सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही.

पनवेलचा गलबला मागे टाकून सुकापूरमार्गे माथेरानच्या डोंगराच्या रोखाने निघाले की थोड्याच वेळात नेरे लागते. कुष्ठरोग निवारण समितीच्या ‘शांतिवन’ या संस्थेमुळे हे गाव जिल्ह्याबाहेरच्या लोकांनाही पूर्वीपासून ठाऊक आहे. अलीकडे मात्र ते ठाऊक होऊ लागले आहे ते इमारतींच्या जाहिरातींमुळे. नव्या विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे सरकारी दप्तरातल्या ‘नैना’त, हा पट्टा आल्यापासून इथल्या सातबाऱ्याला जो भाव आला आहे तो इथल्या भाताला कधी आला नव्हता. तरीही गाव ओलांडून वाजे या गावाच्या पुढे सरकले की मुलूख पालटतो. उजव्या हाताला प्रबळगडाचा रुंद माथा, समोर माथेरानची उभी भिंत, खाली गाढी नदीचे पात्र, मग पनवेलला पाणी पुरवणारे आणि लोकांच्या तोंडी गाढेश्वरचे म्हणून रुळलेले देहरंगचे धरण, पुढे मालडुंगे, मध्येच ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, आणि अखेरीस धोदाणी, जिथे सडक संपते आणि माथेरानच्या सनसेट पॉइंटकडे चढणारी पायवाट सुरू होते. वर माथेरानात मोटारवाहनांना मनाई आहे, हे धोदाणीला झाडाखाली गाडी स्टॅण्डवर लावताना आठवले म्हणजे मौज वाटते. पण त्या मनाईशी माझे भांडण नाही. काही ठिकाणी पायांनीच जावे.

या सडकेवर मोटारसायकल चालविताना माणसाच्या चित्ताचे काय होते, हे नीट पाहण्यासारखे आहे. मोटारीत बसलेला माणूस काचेआडून देखावा पाहतो, टेलिफोनवर बोलतो, घरच्या भांडणाची उजळणी करतो आणि हे सर्व चालू असता गाडीही चालवितो. दुचाकीस्वाराला ही चैन परवडत नाही. वळणावर साचलेली बारीक खडी, कडेच्या झाडाखालचे शेवाळ, शेतातून एकाएकी सडकेवर येणारी म्हैस, पुढच्या टेम्पोवाल्याचा न दाखविलेला इरादा, या साऱ्यांची दखल त्याला क्षणाक्षणाला घ्यावी लागते. डावा हात क्लचवर, उजवा हात ॲक्सिलरेटरवर आणि पुढच्या ब्रेकवर, डावा पाय गिअरवर, उजवा मागच्या ब्रेकवर, असे चारही अवयव निरनिराळ्या कामांवर रुजू झालेले असतात, आणि त्यांचा मेळ घालणाऱ्या मनाला कचेरीतल्या मेमोचा किंवा थकलेल्या हप्त्याचा विचार करावयाला सवडच उरत नाही. ध्यानधारणेला बसलेल्या माणसाला जे विचार प्रयत्नाने हाकलावे लागतात, ते इथे आपण होऊन दूर राहतात. कारण त्यांना आत घेतले तर गाडी खड्ड्यात जाईल, हे मनाला पक्के ठाऊक असते.

त्यातच शरीर उघड्यावर असते. नेऱ्याच्या पुढे सडक जिथे ओढ्यांवरून जाते, तिथे मोरीवर येताच हवा एकदम थंड होते आणि चार वाव पुढे गेले की पुन्हा कोमट. आश्विनात कापणीला आलेल्या भाताचा वास एका वळणाला लागतो, पुढच्या वळणाला चुलीच्या धुराचा, आणि वाडीजवळून जाताना मोहाच्या पानांचा. मोटारीच्या वातानुकूलित पेटीत बसलेल्याला हा प्रदेश केवळ दिसतो. दुचाकीवरच्याला तो अंगावर घ्यावा लागतो. दिवसाचे दहा तास एकाच तापमानाच्या खोलीत काढणाऱ्या शरीराला ऋतू कोणता चालू आहे याची अशी खबर मिळणे, हेही मला आरोग्यच वाटते.

या अनुभवाला शास्त्राचा दाखला आहे काय? काही अंशी आहे, पण तो घेताना हात जरा आखडता ठेवावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी पन्नासहून अधिक सराईत स्वारांची तपासणी केली, तीत सुमारे वीस मिनिटांच्या स्वारीनंतर शरीरातील तणावदर्शक संप्रेरकांचे प्रमाण २८ टक्क्यांनी उतरल्याचे, आणि स्वारीच्या वेळी हृदयाचे ठोके ११ टक्क्यांनी व ॲड्रेनलिन २७ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले; हा निबंध २०२१ साली ‘ब्रेन रिसर्च’ या नियतकालिकात छापला गेला. जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे प्राध्यापक र्‍यूता कावाशिमा यांनी त्यापूर्वी, ज्यांच्याजवळ परवाना होता पण ज्यांनी वर्षानुवर्षे गाडीला हात लावला नव्हता अशा मध्यमवयीन पुरुषांना दोन महिने नित्य मोटारसायकल चालवावयाला लावले आणि त्यांची स्मरणशक्ती सुधारल्याचे नोंदविले. आता पहिल्या संशोधनाचा खर्च हार्ले-डेव्हिडसन कंपनीने उचलला होता आणि दुसऱ्यात यामाहा कंपनीचा सहभाग होता. दूध विकणाऱ्याने दुधाची तारीफ केली म्हणून दूध खोटे ठरत नाही हे खरे. तथापि खरेदीदाराने लॅक्टोमीटर खिशात ठेवावा हे बरे. माझ्यापुरते म्हणाल तर या आकड्यांवाचूनही माझा युक्तिवाद उभा राहतो.

परंतु हेच यंत्र सायन-पनवेल महामार्गावर सकाळी नऊ वाजता नेले तर काय होते? कळंबोलीच्या चौकात ट्रेलरांच्या चाकांमधून वाट काढणाऱ्या, तोंडाला रुमाल गुंडाळलेल्या, घड्याळावर एक डोळा ठेवलेल्या स्वाराला मनःशांती लाभते असे म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. लक्ष तिथेही द्यावेच लागते, किंबहुना अधिक द्यावे लागते. पण ते भयापोटी दिलेले लक्ष असते, आणि भीतीने ताणलेले मन घरी पोचल्यावर सैल पडत नाही, थकून पडते. म्हणजे गुण यंत्रात नाही. सडक मोकळी, वेग बेताचा आणि पोचण्याची घाई कोणालाच नाही, अशा तीन गोष्टी जुळल्या तरच तो प्रगट होतो. आणि म्हणूनच मी वेगाच्या शौकिनांना या लेखाचे साक्षीदार म्हणून बोलावीत नाही. ताशी शंभराच्या वेगाने धोदाणीला जाणारा माणूस धोदाणीला गेलाच नाही असे मी समजतो.

आतापर्यंत मी हौसेचे बोललो; नेऱ्याच्या वरच्या अंगाच्या गावांतील माणसाला मोटारसायकल हौसेची नाही, गरजेची आहे, आणि तिने त्याच्या आयुष्यात घडवून आणलेला पालट मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या काळी पनवेलच्या बाजाराला, दवाखान्याला, मामलेदार कचेरीला किंवा न्यायालयाला जावयाचे म्हणजे एस. टी.ची वेळ सांभाळावयाची आणि ती चुकली तर पायपीट करावयाची असा शिरस्ता होता, त्या काळी माणसाचा दिवस त्याच्या मालकीचा नसे. तो वेळापत्रकाच्या मालकीचा असे. मोटारसायकल घेणे हीसुद्धा तेव्हा सोपी गोष्ट नव्हती. १९८० च्या दशकापूर्वी एन्फिल्ड, राजदूत आणि जावा-येझदी एवढीच नावे देशात चालत, आणि ती दूधवाले, फौजदार व गावचे पुढारी यांच्याच दारात दिसत. १९८४-८५ पासून जपानी सहकार्याने तयार झालेल्या शंभर सी.सी.च्या, पेट्रोल कमी पिणाऱ्या गाड्या आल्या आणि चित्र पालटले. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरांपैकी एकवीस कुटुंबांकडे दुचाकी असल्याची नोंद झाली. आजाऱ्याला रात्री दवाखान्यात नेता येते, कामावरून परतल्यावर दिवसाउजेडी शेताची फेरी मारता येते, थकलेल्या आईला माहेरच्या जत्रेला नेऊन त्याच दिवशी आणता येते. आपला वेळ आपल्या हाती आल्याने माणसाच्या ठायी जो एक आत्मविश्वास येतो, त्याची गणना आरोग्यात का करू नये?

स्त्रियांच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या स्त्रियांची छायाचित्रे वृत्तपत्रे दरसाल हौसेने छापतात, ती छापावीत. परंतु सुकापूर-नेरे सडकेवर मुलाला पुढे उभे करून, मागे भाजीची पिशवी अडकवून, कोणाचीही वाट न पाहता स्कूटर हाकणारी गृहिणी मला त्या शोभायात्रेपेक्षा अधिक लक्षणीय वाटते, कारण तिच्याकडे आता कोणी वळूनही पाहत नाही.

यंत्राशी होणाऱ्या परिचयाचाही इथे उल्लेख केला पाहिजे. नव्या गाड्या बटण दाबताच सुरू होतात. तरी चेनचे तेल, चाकांतली हवा, ब्रेकची तार या गोष्टी ज्याच्या त्याने पाहाव्या लागतात. वाज्याच्या अलीकडे एका जुन्या गाडीचे पेट्रोल संपले तेव्हा तिच्या मालकाने केलेला उपाय मी पाहिला आहे. वय साठीच्या आसपास, डोक्याला टोपी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्याने कॉक रिझर्व्हला केला, तरी इंजिन बोलेना. तेव्हा त्याने गाडी ज्या अंगाला कॉक होता त्या अंगावर हलकेच आडवी केली, टाकीच्या दुसऱ्या बाजूला अडलेले पेट्रोल इकडे उतरेपर्यंत काही पळे थांबला, गाडी उभी केली, किक मारली आणि निघाला. चेहऱ्यावर वैताग नव्हता. ज्याची वस्तू त्याच्या समजुतीच्या आवाक्यात आहे, त्याला ती अडली तरी असहाय वाटत नाही. आणि आजच्या जगात आपल्या भोवतीच्या किती वस्तूंविषयी आपल्याला असे म्हणता येईल?

धोक्याचा विषय मी टाळलेला नाही, शेवटाकडे ठेवला आहे. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. इतका गंभीर हिशेब समोर असता मोटारसायकलीचे गुणगान करणाऱ्याने शिरस्त्राणाविषयी संदिग्ध बोलणे हा अपराध ठरेल. अरबस्तानच्या मोहिमेने विख्यात झालेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात, सायकलवरच्या दोन मुलांना चुकविताना मोटारसायकलवरून फेकला गेला आणि डोक्याच्या जखमेने सहा दिवसांनी वारला. त्याच्या उपचारासाठी बोलाविलेल्या शल्यवैद्यांत ह्यू केर्न्स होते. त्यांनी पुढे सैन्यातील निरोप्ये मोटारसायकलस्वार डोक्याला मार लागून कसे मरतात याचा अभ्यास केला, १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने शिरस्त्राण सक्तीचे केले. आपल्या १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचे १२९ वे कलम हेच सांगते, आणि मागे बसणाऱ्यालाही सांगते. तरी शिरस्त्राण आरशाला लटकवून हिंडणारे आपल्याला रोज दिसतात. दंडाला भिऊन पोलीस दिसताच ते डोक्यावर चढविणाऱ्यांना डोके कोणाचे आहे याचा उलगडा झालेला नसावा.

मात्र ही भीती पुढे करून घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून किल्ली काढून घेण्याची जी रीत पडते आहे, ती मला मान्य नाही. कायद्याने चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय दाखला मागितला आहे आणि पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरण ठेवले आहे. डोळे, कान, गुडघे यांची तपासणी सरकार करीत असता, साठीच्या माणसाने रविवारी सकाळी नेऱ्याला जाऊन यावे की नाही, हे त्याच्या मुलाने चिंतेच्या भरात एकतर्फी ठरवू नये. त्याला पावसाळ्यातले खड्डे, अंधारातला प्रवास आणि महामार्ग टाळावयास जरूर सांगावे. पण बाबांना घरी बसवून टेलिव्हिजनपुढे सुरक्षित ठेवल्याने त्यांचे आयुष्य वाढते की नुसते लांबते, याचाही विचार मुलांनी करावा.

राहता राहिली सडक. नेऱ्याच्या बाजूला इमारती वाढल्या तसे खडी-रेतीचे डंपर वाढले. त्यांच्यातून सांडलेली खडी वळणावर पसरते, त्यांच्या भाराने कडा खचतात आणि पहिल्या पावसात तिथे खड्डे पडतात. पावसाळ्यात गाढेश्वर परिसरात पर्यटकांना मनाईचे हुकूम निघतात, आणि बुडून मरणाऱ्यांची संख्या पाहता ते रास्तही आहेत. पण वरच्या गावांतील रहिवाशांना त्याच सडकेने रोज जावे-यावे लागते, त्यांच्यासाठी असा तत्पर हुकूम कोणी काढीत नाही. मोटारीला जो खड्डा धक्का देतो, तो दुचाकीस्वाराला पाडतो. डंपरवर ताडपत्री सक्तीने बांधविणे, वळणांवरची खडी आठवड्यातून एकदा झाडून घेणे आणि मृगापूर्वी कडा भरून काढणे, यांपैकी कोणतेही काम अवघड नाही आणि फार खर्चाचेही नाही. ज्याने गाडी घेतानाच रस्ताकर एकरकमी भरून टाकला आहे, त्याने एवढ्यासाठी ग्रामपंचायतीपासून सार्वजनिक बांधकाम खात्यापर्यंत अर्ज करावेत, उत्तर न आल्यास स्मरणपत्रे धाडावीत, आणि अर्जाची पोच घ्यावयाला मोटारसायकलवरूनच जावे.