पिकअपची परीक्षा भरल्या हौद्याने घ्या

प्रति,
मा. संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय),
पुणे.

विषय : मालवाहू पिकअपच्या तुलनात्मक चाचणीसाठी एकसमान आणि जाहीर पद्धत ठरवण्याबाबत.

महोदय,



परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळी गावातून हे पत्र लिहितो आहे. घरी शेती आहे आणि जोडीला भाड्याची पिकअप. आमच्याकडे सोयाबीनचे कट्टे, कापूस, तूर, कडबा, लग्नाचा मंडप, सगळं पिकअपनेच जातं. कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून घरातला एखादा मुलगा हप्त्यावर पिकअप घेतो आणि तिच्या भाड्यावर घर चालतं. गाडी निवडताना फसगत झाली, तर हप्ते चालू राहतात आणि गाडी गॅरेजला उभी राहते. म्हणून या गाड्यांची तुलना कोण करतं आणि कशी करतं, हा आमच्या पोटाचा प्रश्न आहे.

आज जी तुलना वाचायला आणि पाहायला मिळते, तिचा आम्हाला उपयोग होत नाही. गाडी रिकामी असते, रस्ता गुळगुळीत असतो, वेळ सकाळच्या थंडाव्याची असते. रिकाम्या पिकअपचं ॲव्हरेज आणि रिकाम्या पिकअपचा ब्रेक यांवरून भरल्या गाडीबद्दल काहीच कळत नाही. पाटे माल पेलण्यासाठी बसवलेले असतात. हौदा रिकामा असला की गाडी उडते, आणि तुलना करणारा तिला ‘कडक सस्पेन्शन’ म्हणून कमी गुण देतो. तीच गाडी मोंढ्याच्या वाटेवर, पासिंगपुरता (कागदावर मंजूर तेवढाच) माल भरल्यावर, सगळ्यांत स्थिर चालत असेल. ज्या गुणासाठी आम्ही ती घेतो, तोच तिचा दोष ठरतो.

दुसरा अन्याय जोड्या लावताना होतो. टाटा योद्धा १२०० किलोपासून २००० किलोपर्यंतच्या वजनक्षमतेत मिळते. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपमध्येही १.३ टनापासून २ टनांपर्यंतचे प्रकार आहेत. हौद्याची लांबी वेगळी, टायर वेगळे, काहींत फोर बाय फोरची सोय. अशा वेळी एका कंपनीची दोन टनी गाडी दुसरीच्या दीड टनीसमोर उभी करायची आणि ‘हिचं ॲव्हरेज कमी’ असा निकाल द्यायचा, याला तुलना म्हणता येत नाही. नेमका कोणता प्रकार, किती माल, टायरमध्ये हवा किती, हे सांगितल्याशिवाय कोणताही आकडा छापू नये, एवढी तरी शिस्त हवी.

जोडी कशी लावावी यावर प्रामाणिक मतभेद आहेत, हे मान्य आहे. सारख्या किमतीच्या गाड्या घ्या, असं काही म्हणतात, कारण गिऱ्हाइकाच्या हातात ठरावीकच पैसा असतो. सारख्या वजनक्षमतेच्या घ्या, असं इतरांचं म्हणणं. मला दोन्ही वाटा अपुऱ्या वाटतात. सुटा कापूस वजन भरण्याआधीच हौदा भरून टाकतो, तिथे हौद्याची लांबी-रुंदी कामाची. सोयाबीनचे कट्टे हौदा भरण्याआधी वजनाची मर्यादा गाठतात, तिथे पाटे, ॲक्सल आणि ब्रेक यांची कसोटी. तेव्हा जोडी कामावरून लावावी. ‘एवढे कट्टे, एवढ्या अंतरावर, या रस्त्याने’ असं काम आधी ठरवावं. प्रत्येक कंपनीने त्या कामासाठी स्वतःची योग्य गाडी सांगावी. मग डिझेल किती लागलं, वेळ किती लागला आणि गाडी घ्यायला पैसे किती पडले, हे शेजारी शेजारी मांडावं. कुणालाही तक्रारीला जागा राहणार नाही.

हे पत्र आपल्याला लिहिण्याचं कारण आहे. १९६६ साली वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली आपली संस्था देशातल्या वाहनांना नियमांच्या कसोटीवर तपासते. पण तिथला निकाल नियम पाळला की नाही, एवढंच सांगतो. पास झालेल्या दोन गाड्यांपैकी भरल्या मालासकट लवकर कोणती थांबते, हे गिऱ्हाइकाला त्यातून समजत नाही. २०२३ साली भारत एनकॅप सुरू झालं आणि मोटारींना सुरक्षेचे तारे मिळू लागले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक देऊन तपासणी होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती योजना प्रवासी वाहनांसाठी आहे. मालवाहू पिकअपच्या केबिनमध्ये चालक आणि हमाल बसतात, पाठीमागे टनावारी माल असतो. त्यांच्या जिवासाठी असे तारे नाहीत.

शेतकऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची मात्र अशी तपासणी कितीतरी वर्षांपासून होते. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टर जोखला जातो. पीटीओची ताकद, ओढ, हायड्रॉलिकची उचल, डिझेलचा खप यांचे आकडे अहवालात येतात. तापलेल्या हवेत ताकद किती उरते, हेही पाहिलं जातं. त्याच दारात, त्याच शेतमालासाठी उभ्या असलेल्या पिकअपला असा अहवाल का नसावा? जे ट्रॅक्टरला जमलं, ते पिकअपला अशक्य नाही.

परदेशातलं एक उदाहरण इथे उपयोगी आहे. अमेरिकेत पिकअप किती वजनाचा ट्रेलर ओढते, हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढत असे. मग तिथल्या अभियंत्यांच्या संघटनेने, एसएई या संस्थेने, ‘जे-२८०७’ नावाचं मानक ठरवलं. त्यात ॲरिझोनामधल्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ आहे. उन्हाळी उष्णतेत, एसी चालू ठेवून, ट्रेलर ओढत, ठरावीक वेगाखाली न येता गाडीने तो चढायचा. टोयोटाने २०११च्या टुंड्रासाठी हे मानक सर्वांत आधी स्वीकारलं आणि तिचा जाहीर आकडा खाली आला. इतर मोठ्या कंपन्यांनी पुढच्या काही वर्षांत तेच मानक घेतलं. सगळ्यांना एकच चढ असला की खरा आकडा सांगणाऱ्याचं नुकसान होत नाही, हा त्यातला धडा.

आपल्याकडेही अशी वाट आहे. परभणीतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वरच माळशेज घाट आहे. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत गाडीचं चाक रुततं. या तिन्ही कसोट्या एकाच जिल्ह्यातल्या गाड्यांना एका वर्षात द्याव्या लागतात.

कंपन्यांचा आक्षेप असेल की वापर वेगवेगळा असल्यामुळे एका चाचणीने सगळ्यांना न्याय मिळणार नाही. बरोबर आहे, म्हणूनच पहिला-दुसरा क्रमांक देऊ नये आणि गुणांची बेरीजही करू नये. आकडे वेगवेगळे छापावेत. कापूसवाला हौदा बघेल, भाजीवाला घाटातला वेळ आणि ब्रेक बघेल, दूधवाला रोजचं डिझेल बघेल.

दुसरा आक्षेप आमच्यावर येईल : तुम्ही मर्यादेपेक्षा जास्त माल भरता, मग मर्यादेतल्या चाचणीचा उपयोग काय? जादा माल भरणं चूकच आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण गाडी विकताना ‘कागदावर दोन टन, ओढते तीन’ असं सांगितलं जातं आणि त्याला उत्तर देणारा अधिकृत आकडा गिऱ्हाइकाच्या हातात नसतो. भरल्या गाडीला थांबायला किती मीटर लागतात, हे छापून आलं, तर मालक स्वतःच विचार करील.

म्हणून आपल्याकडे या मागण्या आहेत :

१. चाचणीच्या गाड्या कंपनीकडून मागवू नयेत, शोरूममधून विकत घ्याव्यात.

२. गाडी रिकामी, अर्धी भरलेली आणि पासिंगएवढी भरलेली, अशा तिन्ही अवस्थांत डिझेलचा खप आणि थांबण्याचं अंतर मोजावं.

३. डांबरी रस्ता, घाट आणि काळ्या मातीची पांदण, तिन्ही ठिकाणी चाचणी व्हावी. पांदणीच्या चाचणीसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाला सोबत घ्यावं.

४. गाडीचा प्रकार, टायर, हवेचा दाब, तापमान आणि भरलेला माल प्रत्येक आकड्यासोबत छापावा.

५. चाचणीची पद्धत ठरवताना कंपन्यांबरोबर पिकअपमालक, चालक आणि शेतकरी यांनाही बसवावं, आणि अहवाल मराठीसह सर्व भारतीय भाषांत मोफत द्यावा.

मोजण्याची यंत्रं आणि जाणकार माणसं आपल्याकडे आहेत. पद्धतीचा मसुदा काढून त्यावर सूचना मागवा. आमच्या भागातले पिकअपमालक आणि चालक माल, रस्ता आणि अनुभव घेऊन त्या कामाला हजर राहतील.

कळावे,

आपला,
पिंगळी (ता. जि. परभणी) येथील एक शेतकरी आणि पिकअपमालक