नाव कुणाच्या नावावर?

"अगं, माझं दुकान गेलं!"

गेल्या दिवाळीच्या तोंडावर बंगळुरूहून मावसबहिणीचा फोन आला आणि माझ्या हातातला झारा कढईवरच थांबला. मल्लेश्वरमला ताईचं छोटंसं दुकान आहे. राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, थालीपिठाचं पीठ आणि शनिवारी पुरणपोळ्या. आग लागली की पाणी शिरलं, माझ्या मनात नको नको ते आलं. "दुकान आहे गं तिथंच," ताई रडवेल्या आवाजात म्हणाली, "वेबसाइट गेली!"

खरं सांगते, मला आधी हायसंच वाटलं. वेबसाइट जाते म्हणजे विजेसारखी जात असेल, येईल तासाभरात, असा माझा समज. पण तसं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी ताईनं ओळखीतल्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली होती. मुलगा हुशार, पैसेही बेताचे घेतले. इंटरनेटवरचं दुकानाचं नाव त्यानंच नोंदवलं, आणि ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर. ताईला तेव्हा ईमेल उघडायचा कंटाळा. पुढं तो मुलगा परदेशी गेला. नावाची मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या, बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहिल्या. मुदत संपली, नाव मोकळं झालं आणि कुणा तिसऱ्यानंच ते उचललं. ऐन दिवाळीत गिऱ्हाइकं ताईचं नाव टाइप करायची आणि समोर जुगाराच्या जाहिराती यायच्या. एका आजोबांनी तर फोन करून विचारलं, "वहिनी, तुम्ही पत्त्यांचा क्लब काढलात का?" आणि हेच नाव दोन हजार लेबलांवर छापून तयार!

त्या मुलानं मुद्दाम काही केलं नाही हो. पण सातबारावर नाव दुसऱ्याचं असेल तर शेत तुम्ही कसा किंवा नका कसू, कागद काय म्हणतो तेच खरं. इथंही तसंच. इंटरनेटवरचं नाव, म्हणजे डोमेन, कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीवर मिळतं आणि मुदत संपण्याआधी भाडं भरून पुढं चालू ठेवावं लागतं. आपल्याकडच्या '.इन' नावांची नोंदवही 'निक्सी' ही संस्था सांभाळते. २००५ पासून ही नावं सर्वांना खुली झाली. नोंदीत ज्याचं नाव, तो धनी. तुम्ही पैसे दिले होते आणि मसाला तुम्हीच कुटत होता, हे त्या वहीत कुठंच लिहिलेलं नसतं. तक्रार करता येते, लवाद नेमला जातो. पण नावावर आपला आधीचा हक्क आहे आणि समोरच्यानं ते वाईट हेतूनं घेतलं आहे, हे दाखवावं लागतं. ताईनं ट्रेडमार्क घेतलेला नव्हता. वकिलांनी खर्चाचा अंदाज सांगितला आणि भावजींनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. तो विषय तिथंच संपला.

फेब्रुवारीत एका लग्नासाठी मी बंगळुरूला गेले, तेव्हा नव्या वेबसाइटचं घाटत होतं. ताईच्या डोळ्यांसमोर चित्र तयार होतं. वर आमच्या आजीचा नऊवारीतला फोटो, खाली घराण्याचा इतिहास आणि उघडताच सनई वाजली पाहिजे. तिची सून गालातल्या गालात हसत होती. सून कन्नड घरातली, मराठी छान बोलते, पण सासूला 'अत्ते'च म्हणते. ती म्हणाली, "अत्ते, सनई नंतर. आधी सांगा, वेबसाइट बघून माणसानं करायचं काय?"

ताईला उत्तर सुचेना. मलाही सुचलं नसतं.

मग सुनेनं एक उपाय काढला, तो मला फार आवडला. फोनशेजारी एक वही ठेवली. आठ दिवस जो कुणी फोन करेल, त्यानं काय विचारलं तेवढंच एका ओळीत लिहायचं. आठ दिवसांनी आम्ही वही उघडली. घराण्याचा इतिहास कुणीच विचारला नव्हता. सगळ्यांत जास्त फोन एकाच प्रश्नाचे होते: "आज पोळ्या मिळतील का?" त्याखालोखाल, "मसाल्यात कांदा-लसूण आहे का?" मग मेतकूट किती दिवस टिकतं, गाडी कुठं लावायची, दुकान दुपारी बंद असतं का, आणि "जयनगरला पाठवता का?" एका बाईंनी मेतकूट भातावर किती घालायचं असं विचारलं होतं. तीही ओळ ताईनं इमानदारीनं लिहिली होती.

झालं! वेबसाइटचा आराखडा त्या वहीतच होता. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आज काय ताजं आहे, दुकान किती ते किती उघडं आहे, फोन नंबर आणि नकाशा. प्रत्येक वस्तूखाली त्यात काय आहे, काय नाही, किती दिवस टिकते. बाकी सगळं मागे. आजीचा फोटो राहिला, पण 'आमच्याविषयी' या पानावर. सनई गेली. ताईनं त्या दिवशी संध्याकाळचा चहा रागानं बिनसाखरेचा दिला.

बंगळुरूचीच एक गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली. २००५ च्या दिवाळीत फणींद्र सामा या तरुण इंजिनिअरला बंगळुरूहून घरी हैदराबादला जायला बसचं तिकीट मिळालं नाही. तो या एजंटाकडून त्या एजंटाकडे हिंडला. कुठल्या गाडीत किती जागा उरल्यात हे एका ठिकाणी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या एका प्रश्नातून पुढच्या वर्षी त्यानं दोन मित्रांबरोबर 'रेडबस' सुरू केली. गिऱ्हाइकाचा प्रश्न होता, "जागा आहे का?" ताईच्या गिऱ्हाइकांचा प्रश्न, "पोळी आहे का?" फरक तो केवढासा! ताई म्हणाली, "त्यांना पुरण वाटायला लागत नाही."

दुसऱ्या संध्याकाळी वस्तूंची यादी घेतली. ताईनं त्रेचाळीस वस्तू लिहिल्या होत्या. त्यात दोन प्रकारच्या कुरडया, चार लोणची आणि फक्त संक्रांतीला होणारी गुळाची पोळीसुद्धा. भावजी म्हणाले, "यातलं निम्मं तर घरात नसतंच." आणि हीच मेख आहे. वेबसाइटवर दिसलं की गिऱ्हाइकाला वाटतं, ते आहे. ते नसलं की विश्वास जातो, आणि गेलेला विश्वास लोणच्यासारखा पुन्हा घालता येत नाही.

मोठ्यांनीही सुरुवात थोडक्यातच केली होती. बंगळुरूतच १९९९ साली सुरू झालेलं 'फॅबमार्ट' हे आपल्या देशातलं अगदी सुरुवातीचं इंटरनेटवरचं दुकान. ते आधी फक्त संगीत विकायचं. किराणा नंतर आला. याच शहरात २००७ साली 'फ्लिपकार्ट' निघालं, ते फक्त पुस्तकं घेऊन. ताईची यादी मग नवावर आली. कुरडयांसाठी ती बरीच भांडली, हे सांगायला हवं.

पोचवायचं कुठवर, हा बंगळुरूत नुसता अंतराचा प्रश्न नाही. मल्लेश्वरमहून व्हाइटफील्डला संध्याकाळी निघालेली पोळी पोचेपर्यंत तिची रया जाते. म्हणून ठरलं, की पोळ्या दुकानातूनच न्यायच्या किंवा जवळच्या चार-पाच भागांत सकाळीच पोचवायच्या, आणि आदल्या रात्री आठनंतर ऑर्डर घ्यायची नाही. मसाले आणि पिठं मात्र शहरभर. "पुण्याला पाठवता का?" असंही वहीत तीनदा आलं होतं. तिथं मात्र सुनेनं हात आडवा घातला. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असली तर जीएसटीची नोंदणी घ्यावी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा, तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी आधी. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, मसाल्याला नाही. बऱ्याच घरगुती उद्योगांना हे पहिलं पार्सल निघून गेल्यावरच कळतं. भावजी आधीच धसकलेले. जुलै २०२५ मध्ये यूपीआयवरच्या जमेचे आकडे बघून बंगळुरूतल्या छोट्या दुकानदारांना कर खात्याच्या नोटिसा आल्या होत्या. गल्लोगल्ली 'यूपीआय नाही, रोख द्या' असे कागद चिकटले होते. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, पुणं पुढच्या वर्षी, सल्लागाराला विचारून.

नियम आणखीही निघाले. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक ताईच्या पाकिटांवर होताच. पण २०१८ पासून बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि कमाल किंमत हे वेबसाइटवरही वस्तूसोबत दाखवावं लागतं. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार इंटरनेटवर विकणाऱ्यानं तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यायचा, अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निस्तरायची. घरात अधिकारी कोण? सगळ्यांनी भावजींकडे बघितलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी त्यांना पुन्हा हुद्दा मिळाला. ते दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून नाश्त्याला बसले.

भाषेवरून मात्र खरी वादावादी झाली. ताईचा धंदा उभा राहिला तो गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखींवर. त्यामुळे तिचं म्हणणं, मराठी आणि थोडं इंग्रजी पुरे. सून म्हणाली, "अत्ते, शनिवारच्या रांगेत मराठी किती असतात ते मोजा एकदा." निम्म्याहून जास्त कन्नड निघाले! आणि ती माणसं फोनवर 'पुरणपोळी' असं शोधतच नाहीत. ती शोधतात 'ओब्बट्टू' किंवा 'होळिगे'. ताई उसळली, "आमची पोळी म्हणजे ओब्बट्टू नव्हे! त्यात बरेचदा तूरडाळ घालतात." सून शांतपणे म्हणाली, "मग तेच लिहा ना, हरभऱ्याच्या डाळीची, महाराष्ट्रातली होळिगे." ताई थोडा वेळ गप्प बसली. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा नियम २०२४ मध्ये आला, तेव्हा तिनं कपाळाला आठ्या घालत पाटी रंगवून घेतली होती. या वेळी आठ्या नव्हत्या. कन्नड मजकूर सुनेच्या आईनं लिहून दिला, आणि त्या मजकुरात विहिणीच्या हाताचं कौतुक दोन ओळी जास्तच होतं.

फोटो भावजींच्या फोनवर काढले, खिडकीच्या उजेडात, पितळेच्या ताटात. इंटरनेटवरून उचललेली दुसऱ्याच्या पोळ्यांची चित्रं लावायची नाहीत, हे ताईनंच सांगितलं. तिच्या पोळीला मधे एक डाग असतो, तो तसाच ठेवला.

शेवटच्या संध्याकाळी नाव घेतलं. जुनं नाव गेलेलंच होतं, तेव्हा दुकानाच्या नावामागे 'मल्लेश्वरम' जोडून नवं घेतलं. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' असंही नाव मिळतं हे ऐकून ताईला तेच हवं होतं. पण मल्लेश्वरमच्या गिऱ्हाइकाला फोनवर देवनागरी कुठून टाइप करायला सांगणार? म्हणून '.इन' घेतलं. या वेळी वेबसाइट बनवणारी मुलगी वेगळी, पैसे रीतसर, काय करणार आणि काय नाही याचा एक पानी कागद दोघींच्या सहीचा. नाव मात्र ताईनं स्वतः नोंदवलं. स्वतःचा ईमेल, स्वतःचा फोन नंबर, पैसे स्वतःच्या खात्यातून. वर्षाचं भाडं हजाराच्या आसपास, पैठणीवरच्या ब्लाऊजच्या शिलाईपेक्षा कमी. ते पाच वर्षांचं एकदम भरलं. बनवणारीला काम करण्यापुरता वेगळा प्रवेश दिला, मालकिणीची किल्ली नाही. पासवर्ड एका डायरीत, डायरी देवघराखालच्या खणात, आणि खण कुठला ते सुनेला माहीत.

तुमच्या घरातही कुणी शिकवण्या, शिवणकाम, डबे असं काही करत असेल आणि वेबसाइट आधीच झालेली असेल, तर आज बनवणाऱ्याला एक फोन करा. नाव कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, आणि सूचना कुणाच्या ईमेलवर येते, एवढंच विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर त्याच दिवशी नाव स्वतःकडे वळवून घ्या. तो गावात आहे तोवर हे सोपं असतं.

पाडव्याला ताईची वेबसाइट उघडली. पहिली ऑर्डर आली ती मागच्याच गल्लीतून. त्या बाईंना पाच मिनिटांत चालत येता आलं असतं. जुनं नाव काय दाखवतं, हे ताई अजून अधूनमधून बघते आणि फोन उलटा ठेवते. दोन हजार जुन्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशोब चालू आहे. नव्या नावाची मुदत कधी संपते ते तिला 'कालनिर्णय'वर लिहायचं होतं. पाच वर्षांनंतरचं पान कुठून आणणार? शेवटी तिनं ती तारीख स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिली, गॅसच्या नंबराखाली, आणि खडू पुसला जाईल म्हणून भावजींनी वरून मार्कर फिरवला.